टाइल्समधली काळी रेघ: घासण्याआधी वाळवा

आजचा भाग छोटा आहे. जुलैमध्ये ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरोघरी दिसणाऱ्या गोष्टीवर: बाथरूमच्या टाइल्समधली काळी रेघ.

ती नुसता मळ नाही, बुरशी आहे. टाइलवरून पाणी ओघळून जातं. पण फटीत भरलेलं व्हाइट सिमेंट किंवा साधं ग्राउट सच्छिद्र असतं, ते पाणी पिऊन बसतं. वरचा साबणाचा थर म्हणजे बुरशीचं जेवण. अमेरिकेची ईपीए ही संस्था सांगते, ओली जागा २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या वर, खिडकी उघडते डक्टमध्ये, आणि चार जणांच्या आंघोळी. फट वाळणार कधी?

मग आपण ॲसिड ओततो. फट पांढरी दिसते, कारण ॲसिडने सिमेंटचा वरचा थरच खाल्लेला असतो. आता ती आणखी पाणी पिणार. दरवर्षी हेच केलं की फटी रिकाम्या होतात, पाणी टाइलखाली उतरतं आणि खालच्या मजल्यावरचे काका आपल्या ओल्या छताचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात.

आणि ॲसिडसोबत ब्लीच कधीच वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

मी घरी काय करतो? शेवटची आंघोळ झाली की भिंतीवर वरून खाली वायपर मारतो. एक मिनिटाचं काम. मग अर्धा तास एक्झॉस्ट. त्या वेळी दार थोडं उघडं, खिडकीच्या बाकी काचा बंद. नाहीतर पंखा शेजारच्या काचेतून डक्टचीच हवा ओढतो आणि तीच परत बाहेर फेकतो, घरातली ओल तशीच. ओले टॉवेल बाहेर.

रेघ आधीच आली असेल तर हातमोजे घालून, पाणी मिसळलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने हलकं घासा, भरपूर पाण्याने धुवा, आणि वाळवा. फटी उघड्या पडल्या असतील तर उन्हाळ्यात, पूर्ण कोरड्या झाल्यावर, इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. ते पाणी जवळपास शोषत नाही.

आज झोपण्याआधी फटीवर बोट फिरवून बघा. सकाळच्या आंघोळीचं पाणी अजून हाताला लागतंय? मग उद्यापासून वायपर हातात घ्या. भेटू पुढच्या भागात!