इलेक्ट्रिक ब्रश घ्यावा का?

आम्हा दंतवैद्यांना हल्ली हा प्रश्न हमखास विचारला जातो. दुकानात साधा ब्रश तीस-चाळीस रुपयांना मिळतो, हा हजारांत जातो, तेव्हा विचारणं रास्तच आहे.

ही वस्तू तशी नवी नाही. १९५४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये असा ब्रश निघाला, तो मुख्यतः ज्यांचे हात नीट चालत नाहीत किंवा दातांना तारा लावल्या आहेत अशांसाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता पुरावा. २०१४ साली कॉक्रेनने ५६ चाचण्या एकत्र तपासल्या. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रशवाल्यांच्या दातांवरचा प्लाक, म्हणजे तो चिकट थर, २१ टक्के कमी भरला. हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. जाहिरातीत हा आकडा छान दिसतो. पण २१ टक्के कमी प्लाक म्हणजे २१ टक्के कमी किडलेले दात, असं नाही! प्लाकला गुण देऊन मोजतात, आणि हा फरक त्या गुणांतला आहे. दात किती वाचले हे कळायला वर्षं लागतात, चाचण्या बहुतेक काही महिन्यांच्या. दूरगामी फायदा किती, हे स्पष्ट नाही, असं त्या अहवालातच म्हटलंय.

मग फरक पडतो कशाने? आमच्या मते, हाताने. ब्रश हिरडीशी ४५ अंशांत धरा, हलकेच फिरवा, असं आम्ही शिकवतो. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन भांडी घासल्यासारखे दात घासतात. मशीन ती हालचाल स्वतः करतं, शिवाय बऱ्याच ब्रशांत दोन मिनिटांचा टायमर असतो.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर गोल फिरणाऱ्या ब्रशांवरच्या २०११ च्या आढाव्यात ते साध्या ब्रशपेक्षा जास्त इजा करतात असं दिसलं नाही. घोटाळा होतो तो सवयीने: ब्रश चालू करायचा आणि वर पुन्हा दाबून घासायचं. तसं करू नका. दातावर नुसता टेकवा, दोन-तीन सेकंद थांबा, पुढच्या दातावर न्या. दुसरं, डोकं सैल झालंय का ते बघत जा. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बॅटरीवरच्या एका ब्रशबद्दल इशारा दिला होता. त्याचे तुकडे तोंडात सुटून दात तुटल्याच्या, घशात अडकल्याच्या तक्रारी होत्या. डोकं तीन महिन्यांनी बदला. पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

आणि दोन दातांच्या फटीत कुठलाच ब्रश नीट पोचत नाही, महागडासुद्धा. तिथे धागा किंवा छोटा फटींचा ब्रशच हवा.

घरात संधिवाताने बोटं आखडलेली आजी असेल, पक्षाघात झालेलं कुणी असेल, तारा लावलेली मुलगी असेल, तर जरूर घ्या. अंथरुणावरच्या माणसाचे दात दुसऱ्याने घासायचे असतील, तरी सोपं जातं. बाकी ज्यांचा साधा ब्रश नीट चालतोय, हिरड्यांतून रक्त येत नाही, त्यांनी तो बदलावा असं कारण आम्हाला दिसत नाही.