सावित्रीचा डोह आणि सात एएचची बॅटरी

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरच्या खडकांतून उड्या घेत खाली येते आणि महाडला पोहोचेपर्यंत संथ होते. काळ आणि गांधारी या नद्या महाडच्या परिसरात तिला मिळतात. महाडच्या खाली दासगावकडे भरती-ओहोटीचे खाडीचे पाणी लागते आणि पुढे बाणकोटला ती समुद्रास मिळते. पोलादपूरकडे उन्हाळ्यात पात्र आटले तरी डोह राहतात. त्या डोहात मरळ आहे, खाडीत बोय आहे, नशीब असेल तर जिताडाही आहे. पण मासा कोणत्या खोलीत आहे हे वरून कसे कळणार?

यासाठी आता एक लहान यंत्र मिळते. इंग्रजीत त्याला फिश फाइंडर म्हणतात. आपण मासे दाखवणारे यंत्र म्हणू. ते मोठ्या ट्रॉलरपुरते राहिलेले नाही. साध्या होडीवर, किंवा एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या कयाकवरही ते बसते. यंत्र घेणे तसे सोपे आहे. त्याला वीज कोठून द्यायची, हा खरा प्रश्न. येथेच आपले तरुण दुकानदार सांगेल ती बॅटरी घेतात, ती वर्षभरात मरते आणि कष्टाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून हा हिशेब नीट समजून घेऊ.

यंत्र काय करते?

होडीच्या तळाशी यंत्राचा एक बोंडासारखा भाग पाण्यात असतो. तो आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. दहा मीटर खोल तळाला आपटून तो सेकंदाच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागात परत येतो. या वेळेवरून यंत्र खोली काढते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यावरून आवाज जोरात परततो आणि पडद्यावर कमान उमटते. जपानमध्ये नागासाकी येथे फुरुनो बंधूंनी १९४८ साली असे यंत्र मच्छीमारांसाठी प्रथम बाजारात आणले. त्या वेळी ते मोठ्या बोटीचे यंत्र होते. आज ते हातात मावते.

हिशेब कसा करावा?

लहान पडद्याच्या यंत्राला १२ व्होल्टवर साधारण पाव ते अर्धा अँपिअर वीज लागते. नेमका आकडा यंत्रासोबतच्या पुस्तिकेत असतो. तो आधी पाहावा. समजा, यंत्र ०.४ अँपिअर घेते आणि आपण सहा तास पाण्यात आहोत. ०.४ गुणिले ६ म्हणजे २.४ अँपिअर-अवर. बॅटरीवर ‘एएच’ असे जे लिहिलेले असते ते हेच माप.

आता बाजारातली ‘१२ व्होल्ट, ७ एएच’ ही बंद शिशाची बॅटरी घ्या. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तीच. सात एएच लिहिले म्हणून सातही वापरायचे नसतात. शिशाची बॅटरी वरचेवर तळापर्यंत रिकामी केली की आतल्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणून अर्ध्यावर थांबावे. सातच्या निम्मे साडेतीन. आपली गरज २.४. म्हणजे ही बॅटरी पुरते. चार एएचची घेतली असती तर निम्मे दोनच. ती रोज गरजेपेक्षा जास्त रिकामी झाली असती आणि लवकर गेली असती. बॅटरी वाईट निघाली असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा हिशेब चुकलेला असतो.

अर्धी झाली हे ओळखावे कसे? यंत्र बंद करून अर्धा तास थांबावे आणि साध्या मीटरने व्होल्ट मोजावे. भरलेली शिशाची बॅटरी १२.७ च्या आसपास असते, १२.२ च्या आसपास आली की अर्धी संपली.

दुसरा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेटचा. ही बॅटरी महाग, पण त्याच मापाच्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्या वजनाची असते आणि तिच्यातली बहुतेक वीज वापरता येते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हिचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सारखेच राहतात, म्हणून मीटर पाहून अंदाज येत नाही. तासच मोजावे लागतात. तिचा चार्जरही तिचाच हवा. शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावू नये.

तिसरा मार्ग टॉर्चच्या आकाराच्या पुन्हा भरता येणाऱ्या निकेलच्या सेलचा. एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून दहा सेल ओळीने जोडले की १२ व्होल्ट होतात. पण ओळीने जोडल्याने एएच वाढत नाहीत. दोन एएचचे दहा सेल म्हणजे दोनच एएच. दोन-तीन तासांच्या फेरीला ते पुरतील, दिवसभराला नाही.

पाण्यापासून जपणूक

खाडीचे पाणी खारे. त्यातून वीज सहज वाहते आणि तांब्याच्या तारा हिरव्या पडतात. बॅटरी रबरी कड असलेल्या घट्ट डब्यात ठेवावी, तार बाहेर काढण्याचे भोक सिलिकॉनने बुजवावे, टोकांना व्हॅसलीन लावावे. लाल तारेवर बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. त्याचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. फ्यूज काही रुपयांचा आहे, पण तार चिकटली तर आग तोच थांबवतो.

घरी आल्यावर डबा उघडावा आणि मगच चार्जिंगला लावावे. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना पेट घेणारा वायू निघू शकतो. बंद डब्यात किंवा चुलीजवळ, स्टोव्हजवळ ती चार्ज करू नये. सात एएचच्या बॅटरीला मोटारीचा मोठा चार्जर लावू नये. लहान चार्जरने रात्रभर सावकाश भरावी. आणि रिकामी बॅटरी उद्यावर टाकू नये. ज्या दिवशी वापरली त्याच रात्री भरावी.

पावसाळ्यात बॅटरी कोठे?

आपल्या भागात या बॅटरीचे मोल मासे धरण्यापुरते नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात गेले. वीज गेली, फोन बंद पडले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. अशा रात्री घरात उजेड असणे आणि एक फोन चालू असणे याची किंमत महाड-पोलादपूरच्या माणसाला वेगळी सांगायला नको.

पावसाळ्यात होडी वर ओढली जाते आणि बॅटरी कोपऱ्यात रिकामी पडून मरते. नेमके त्याच दिवसांत ती भरलेली हवी. सात एएचची शिशाची बॅटरी अर्ध्यापर्यंत वापरली तर पाच वॅटचा १२ व्होल्टचा एलईडी दिवा आठ तास जळतो. किंवा योग्य यूएसबी जोडणी असेल तर एक मोठा मोबाईल एकदा पूर्ण भरून थोडी वीज उरते. म्हणून जूनपासून दर महिन्याला ती एकदा भरावी आणि दाराजवळ नव्हे, उंच फळीवर ठेवावी.

यंत्राची मर्यादाही ओळखावी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला बांधलेले लोहचुंबक पाण्यात सोडले, तरी गाड्या सापडायला आठवडा उलटला. खवळलेल्या, गढूळ, बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात पडद्यावरचे चित्रही विस्कटते. पडद्यावर खोली दिसते, पण पाण्याची ओढ दिसत नाही. पुराच्या पाण्यात यंत्राच्या भरवशावर होडी घालू नये आणि एरवीही जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय निघू नये.

शेवटची गोष्ट घरातल्या आयाबहिणींनी विशेष लक्षात ठेवावी. जुनी बॅटरी फोडून शिसे काढू नये, मुलांच्या हाती देऊ नये, नदीत तर टाकूच नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २००१ च्या नियमांनुसार जुनी शिशाची बॅटरी विक्रेत्याला परत घ्यावी लागत असे. २०२२ च्या नव्या नियमांनी लिथियमसह सर्वच बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती परत करा आणि नवी घेताना तिची किंमत कमी करून मागा.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तीन आकडे लिहा: यंत्र किती अँपिअर घेते, आपण किती तास पाण्यात असतो, आणि त्या गुणाकाराच्या दुप्पट किती. शिशाची बॅटरी घ्यायची तर तिसऱ्या आकड्यापेक्षा लहान घेऊ नका, मग विकणारा काहीही सांगो. एवढे गणित आपल्या घरातली सातवीतली मुलगीही करील. ते तिच्याकडूनच करून घ्या.