करीचा बैल आणि सिएनाचा घोडा

इटलीतील सिएनाचा चौक शिंपल्यासारखा उतरता आहे. तेथे २ जुलै व १६ ऑगस्टला होणारी घोड्यांची शर्यत मी पाहिली आहे. गावच्या सतरा पेठांपैकी दहाच धावतात. घोडा चिठ्ठ्या टाकून मिळतो, पाठीवर खोगीर नसते, आणि चौकाला तीन फेऱ्या घातल्या की संपले. स्वार वाटेत पडला तरी नुसता घोडा पहिला आला म्हणजे रेशमी निशाण त्या पेठेचेच!

हा न्याय हुबळी-धारवाडकडच्या शेतकऱ्याला नवा वाटायचा नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे कारहुण्णिमेला (आपल्या कोल्हापुराकडचा कर्नाटकी बेंदूर तो हाच), तेथे शिंगे रंगवलेले बैल वेशीकडे पिटाळतात. आडवी बांधलेली कर तोडून जो पुढे निसटेल तो पहिला. मालक कोण, हे मागाहून. आधी पाहायचा तो रंग. तांबडा असला तर मुंगारी, म्हणजे खरीप पिकणार. पांढरा असला तर हिंगारी, म्हणजे रब्बीची ज्वारी. काळ्या रानवाल्याचा चेहरा त्या क्षणी पाहावा!

आता ट्रॅक्टर आले, गोठे ओस पडू लागले. सिएनाकर घोडे बाहेरून आणून पेठांना वाटतात, त्यांचे भागते. पण ज्याने शेतात नांगर ओढलाच नाही अशा बैलाचा पिकाविषयीचा कौल गाव मानील, असे मला वाटत नाही.