दोन रुपयांचे निर्माते आणि स्मिता पाटील

पहिलं पाऊल : लेखांक ६

गेल्या आठवड्यात 'एक गाव बारा भानगडी'तले निळू फुले पाहिले. आज स्मिता पाटील.

मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही सावळी मुलगी श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली. त्याआधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकर यांच्या 'तीव्र मध्यम' या छोट्या पदविकापटात ती दिसली होती. बेनेगलांनी तिला आधी दिला 'चरणदास चोर', चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचा मुलांसाठीचा सिनेमा. भोवती हबीब तन्वीर यांचे छत्तीसगडी कलावंत, 'नाचा' या लोकनाट्यात मुरलेले. अशांच्या पंगतीत खोटा सूर लगेच ऐकू येतो. स्मितानं त्यात राजकन्या केली.

मग १९७५मध्ये बेनेगलांचाच 'निशांत'. आपल्या इस्लापूर भागातल्या माणसानं तो बघायलाच हवा. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत इस्लापूर सर्कल तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होतं. म्हणजे विजय तेंडुलकरांनी लिहिलेली ही तेलंगणी जमीनदारांची गोष्ट आपल्या शेजारची आहे. जमीनदार भाऊ गावातल्या मास्तरांच्या बायकोला, सुशीलाला, घरातून उचलून वाड्यात आणतात. धाकट्या भावाची बायको रुक्मिणी, ती स्मिता. नवऱ्याचं मन सुशीलाकडे ओढलं जातंय हे तिला त्याच छपराखाली बघावं लागतं. शबाना आझमी, गिरीश कर्नाड, अमरीश पुरी यांच्यासमोर तिच्या वाट्याला मोजकीच जागा आली. माझ्या मते तिच्या अभिनयाचा पाया इथंच पडला. राग, अपमान आणि त्या दुसऱ्या बाईबद्दलची कणव एकाच चेहऱ्यावर येते, आणि वय जेमतेम वीस!

पुढच्या वर्षी 'मंथन'. गुजरातच्या दूध सहकारी संस्थांच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख उभे राहिले. प्रदर्शित झाल्यावर हेच निर्माते ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला आले. हा पैसा घामाचा होता, म्हणून पडद्यावरची स्मिताची बिंदू खोटी दिसून चालणार नव्हतं. घरी म्हैस बांधणाऱ्या बाईला समोरची बाई धारेला बसणारी आहे की नुसती नटलेली, हे क्षणात कळतं. बिंदू त्या बायांमधलीच एक वाटते. शहरातून आलेल्या डॉक्टर रावांशी ती आधी फटकून वागते, मग हळूहळू विश्वास टाकते. त्या बदलाला संवाद थोडे, नजरच जास्त.

मोठ्या बॅनरनं अशा मुलीला तेव्हा घेतलं असतं का? मला नाही वाटत. गोरेपणा आणि नाचगाणी मागणाऱ्या बाजारात तिला उभं राहायलाही जागा मिळाली नसती. थोड्या पैशांच्या सिनेमाला स्टार परवडत नव्हते, म्हणून त्याला माणसासारखी दिसणारी माणसं शोधावी लागली. त्या शोधात ती सापडली, तसेच 'निशांत'मध्ये तिच्या नवऱ्याच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह.

१९७७च्या 'भूमिका'नं तिला राष्ट्रीय पुरस्कार दिला. त्याच वर्षी जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' आला. ठाकरवाडीतली ती चिंधी पुढच्या आठवड्यात.