भिंतीचे दोन पदर

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगातल्या महाभूकंपांत त्याची गणना होत नाही. तरीही लातूर-उस्मानाबाद भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि त्यातल्या बहुतेकांचा जीव त्यांच्याच घराने घेतला.

ही घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. दोन-अडीच फुटी भिंत बघणाऱ्याला बुरुजासारखी वाटे. पण तिला दोन पदर असत: बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि चिपांची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुधा घातलेलाच नसे. डोक्यावर पांढऱ्या मातीचा थर, गळती थांबवायला वर्षानुवर्षं पाट्या ओतून वाढवलेला. जमीन हलली की पदर एकमेकांपासून सुटतात, पोट फुगून भिंत ढासळते आणि वरची माती खाली येते. काही घरांत लाकडी खांबांवरचे खण उभे राहिले, भोवतीच्या भिंती मात्र उरल्या नाहीत.

उपाय अभियंत्यांना ठाऊक होता. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार सांधे घाला, दारं-खिडक्यांच्या वरून घरभर काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदावरची माती कमी करा. पण ज्याने दगडाखालून आपली माणसं उपसून काढली, त्याला ‘हीच भिंत भोकं पाडून मजबूत करू’ हे कोण पटवणार? अनेकांनी मदतीच्या पैशांत शेजारी नवी खोली बांधली, जुनं घर तसंच राहिलं. त्यांना दोष कसा द्यावा?

पुनर्वसनाच्या दुरुस्ती कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. मदतीचा हप्ता कधी मिळतो, गवंड्याकडून काय करून घ्यायचं, हे त्या घरोघरी सांगू लागल्या. शेजारणीच्या तोंडून आलेली गोष्ट सरकारी पत्रकापेक्षा लवकर पटते, आणि माझ्या मते आपत्तीच्या तयारीत हे सिमेंटइतकंच मोलाचं आहे. २००१ मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा मराठवाड्यातल्या या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला अशा तयारीचा आराखडा करणं बंधनकारक आहे. तुमच्या जिल्ह्याचा आराखडा येत्या ग्रामसभेत मागा. त्यात तुमच्या गावासाठी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून घ्या, आणि त्या सभेला घरातल्या बायकांना घेऊन जा.