चालत्या धक्क्याखालचा समुद्र



बंदराचा धक्का म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें? हमालांची आरडाओरड, यारींची घरघर, तेलाचा तवंग धरलेलें काळसर पाणी आणि त्यावर हेलकावणारा कचरा. असल्या पाण्यांत कोणी हौसेनें, पदरचे पैसे खर्चून उतरत असेल, हें मलाहि कोणी सांगितलें असतें तर खरें वाटलें नसतें. परंतु हॉलंडांत नोकरीस असलेल्या माझ्या एका भाच्यानें बोनेर बेटावरून आपल्या आईस कळविलें कीं, "उद्यां आम्ही मिठाच्या धक्क्याखालीं बुडी मारणार." 'बुडी मारणार' हे दोन शब्द वाचून माझ्या बहिणीची झोंप उडाली. "दादा, हें काय खूळ आहे तें तूं तरी वाचून सांग," असें तिनें मला बजावलें. त्या निमित्तानें जें वाचलें व भाच्यास विचारून घेतलें, तें आज आपणांसमोर ठेवीत आहें.

बोनेर हें बेट कॅरिबियन समुद्रांत, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर आहे. क्षेत्रफळ अवघें २८८ चौरस किलोमीटर. २०१० सालापासून तें नेदरलँड्सची एक खास नगरपालिका म्हणून गणलें जातें. पाऊस थोडा, ऊन कडक आणि व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर वाहणारे. ज्यांनीं भाईंदर किंवा उरण येथील मिठागरें पाहिलीं असतील त्यांस या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें तें सांगावयास नको. एक किलोग्रॅम समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. बेटाच्या दक्षिण टोंकास सपाट कुंडांतून तें पाणी फिरवीत ऊन-वाऱ्यानें आटवितात. दाट होत जाणाऱ्या पाण्यास सूक्ष्म जीवांमुळें गुलाबी झांक येते, व शेजारच्या पेकेलमेर सरोवरांत रोहित पक्ष्यांचें अभयस्थान आहे. तयार मीठ धुऊन त्याचे पांढरेशुभ्र डोंगर रचतात, आणि तेथून सरकत्या पट्ट्यावरून तें धक्क्याच्या टोंकाशीं लागलेल्या जहाजांत ओततात.

हा उद्योग आजचा नव्हे. किनाऱ्याच्या त्याच रस्त्यावर १८५० सालीं बांधलेल्या गुलामांच्या खोपट्या अद्याप उभ्या आहेत. त्यांचीं दारें इतकीं ठेंगणीं कीं मोठ्या माणसास रांगतच आंत जावें लागतें. जवळच १८३७ सालचे रंगीत स्तंभ आहेत. मीठ भरावयास आलेल्या गलबतांस कोणत्या ठिकाणीं लागावें हें ते दुरून दाखवीत. डच वसाहतींतील ती गुलामगिरी १८६३ सालीं नाहींशी झाली. भाच्याच्या पत्रांत माशांचीं दोन पानें होतीं व या खोपट्यांची एकच ओळ होती. तरुणपणीं असें व्हावयाचेंच. परंतु ती ओळ मीं दोनदां वाचली.

आतां धक्क्याकडे वळूं. हा धक्का म्हणजे दगडी भिंत नव्हे. समुद्रांत ठोकलेल्या खांबांच्या जुड्या व त्यांवर तोललेला पूल, अशी त्याची घडण आहे. भिंत प्रवाह अडविते, खांब अडवीत नाहींत. सारें इंगित येथेंच आहे. समुद्राचा तळ पुष्कळ ठिकाणीं वाळूचा असतो, आणि वाळूस कांहीं चिकटूं शकत नाहीं. पोवळीं, स्पंज, शिंपले या जीवांच्या पिलांस बसावयास टणक जागा लागते. एकदां बसलें कीं तें जन्मभर तेथेंच राहतें, म्हणून अन्न त्यांच्याकडे चालत यावें लागतें. प्रवाहांत उभा असलेला खांब या दोन्ही गरजा भागवितो. त्यांत वर पुलाची सावली. त्यामुळें सूर्यप्रकाशावांचून ज्यांचें अडतें अशीं पोवळीं मागें राहतात आणि गुहेंत वाढणारे प्राणी उघड्या समुद्रांत बिऱ्हाड थाटतात.

त्यांतील नारिंगी रंगाचें एक पेल्यासारखें पोवळें विशेष सांगण्याजोगें आहे. शास्त्रीय भाषेंत त्यास 'ट्युबास्ट्रिया' म्हणतात. पुष्कळ पोवळ्यांच्या अंगीं सूक्ष्म वनस्पती राहतात व त्या उन्हांत अन्न तयार करून यजमानास देतात. या पोवळ्यापाशीं तसे भाडेकरू नाहींत. तें आपले बारीक हात पसरून वाहतें अन्न पकडतें, म्हणून त्यास अंधार चालतो. गंमत अशी कीं, हें पोवळें मूळचें तिकडचें नव्हेच. तें आपल्या बाजूचें, हिंदी व पॅसिफिक महासागरांतलें. कॅरिबियन समुद्रांत त्याची नोंद १९४३ सालीं झाली. जहाजांच्या बुडास चिकटून तें गेलें असावें असें मानतात. खांबांमधून माशांचे दाट थवे एखाद्या पडद्यासारखे दुभंगतात व पुन्हा मिटतात. माकूळ, कासव, कडेला टपून बसलेला बराकुडा, हीं सर्व मंडळी तेथें नित्याची आहेत.

आतां बहिणीच्या काळजीचा भाग. हे पाणबुडे पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी घेऊन उतरतात. मागेल त्या वेळीं, आणि भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबानें हवा पुरविणारी झडप कूस्तो व गान्याँ या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्ध केली. ११ लिटरांच्या टाकींत सुमारें २,२०० लिटर हवा कोंबलेली असते. परंतु दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळें १० मीटरांवर तीच टाकी निम्म्या वेळांत संपते.

याच दाबाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १० मीटरांवर छाती भरून घेतलेली हवा वर येतांना दुप्पट होऊं पाहते. त्या वेळीं श्वास कोंडून धरला तर फुप्फुस फाटतें. म्हणून पाणबुड्यास पहिला धडा देतात तो हा, कीं श्वास केव्हांहि रोखूं नये. पुष्कळांस वाटतें कीं खोल जाण्यांत धोका व उथळांत खेळ. वास्तविक ३० मीटरांवरून २० मीटरांवर येतांना हवा एकतृतीयांशानेंच वाढते; दुप्पट होते ती शेवटच्या १० मीटरांत. आणि धक्क्याखालची बुडी बहुतेक याच थरांत असते! रक्तांत विरलेल्या नायट्रोजन वायूचे बुडबुडे होऊं नयेत म्हणून सावकाश वर येणें व ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबणें, हीहि रीत आहे.

पण चालत्या धक्क्याचा खास धोका जहाजाचा. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, पाण्यांत सुमारें १,५०० मीटर. आवाज कोणत्या बाजूनें आला हें आपण ओळखतों तें दोन कानांस तो किंचित् मागेंपुढें पोहोंचतो यावरून. पाण्यांत तें अंतर इतकें घटतें कीं मेंदूस उलगडा होत नाहीं, आवाज चहूंकडून आल्यासारखा वाटतो. मळसूत्राची धडधड ऐकूं येते, पण जहाज पुढें आहे कीं मागें तें कळत नाहीं. शिवाय मळसूत्राभोंवतीं पाण्याची जबर ओढ असते, आणि यंत्रें थंड करण्यास जहाज समुद्राचें पाणी आंत खेंचीत असतें तें निराळेंच. म्हणून तेथें नियम साधा व सक्त आहे: धक्क्यास जहाज लागलेलें असतां पाण्यांत उतरावयाचें नाहीं.

बुडी धक्क्यावरून नव्हे, किनाऱ्यावरून मारतात. वीस किलोग्रॅमांहून अधिक ओझें पाठीकंबरेस घेऊन निसरड्या खडकांतून चालत जाणें हें पन्नाशीनंतरच्या माणसानें नीट विचार करूनच करावें. आधीं प्रवाह पाहून त्याच्या उलट दिशेनें निघतात, म्हणजे थकल्यावर परतींत तो साह्य करतो. हवा पुरेशी शिल्लक असतांना माघार घ्यावी. आणि वर यावयाचें तें खांबांच्या बाहेर, पुलाखालीं नव्हे.

बोनेरचा भोंवतालचा समुद्र १९७९ सालापासून संरक्षित उद्यान आहे; भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत. पाणबुड्यांस हातमोजे घालण्याची मनाई आहे. प्रथम मला हें चमत्कारिक वाटलें. मग कळलें कीं उघड्या हातानें कोणी पोवळ्यास धरीत नाहीं. २०२३ सालीं तेथें कठीण पोवळ्यांच्या पेशी गळून पडण्याचा एक साथीचा रोग आढळला. तेव्हांपासून साहित्य औषधी द्रावणानें धुण्यावर मोठा भर आहे.

भाच्याची पहिली खेप फुकट गेली. तो पहांटे निघून पोहोंचला तों धक्क्यास जहाज लागलेलें, पट्टा चालूं, मिठाचा धूर उडतो आहे! दोन दिवस वाट पाहावी लागली म्हणून तो फार चरफडला. तिसऱ्या दिवशीं उतरला. दहा मीटरांवर खांब राखाडी-तपकिरी दिसत होते, कारण तांबडा प्रकाश पाण्यांत सर्वांत आधीं शोषला जातो. त्यानें हातांतील विजेची बत्ती लावली मात्र, तेवढ्याच वर्तुळांत सारा खांब भगवा पेटला. असें त्यानें लिहिलें आहे.

हें पत्र मीं बहिणीस मोठ्यानें वाचून दाखविलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच विचारलें, "त्या दिवशीं जहाज नव्हतें ना?"

नव्हतें.