होडीचा पंखा

अंधेरीच्या पश्चिम टोकाला वेसावे, खाडीपलीकडे मढ. इथल्या लहान होड्यांना मागे आउटबोर्ड मोटर टांगलेली असते. ती किती हॉर्सपॉवरची, हे जो तो कौतुकाने सांगतो. तिच्या पंख्याविषयी, म्हणजे प्रोपेलरविषयी, कोणी फारसे बोलत नाही. खरे तर पंखा चुकला की ती हॉर्सपॉवर पाण्यात उतरतच नाही.

पंख्याची दोन मापे, दोन्ही इंचांत. पहिले व्यास. दुसरे पिच, मी त्याला पल्ला म्हणतो. लाकडात स्क्रू फिरावा तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल, तितका त्याचा पल्ला. मोटरचे मिनिटाला 5400 फेरे, गिअर दोनास एक, म्हणजे पंख्याचे 2700. पल्ला 9 इंच धरला तर वेग येतो ताशी 37 किलोमीटर. हा झाला कागदावरचा वेग. पाणी लाकडासारखे धरून ठेवत नाही, पंखा घसरतो. आणि जाळी, बर्फ, माणसे भरलेल्या होडीत ही घसर फारच वाढते.

पल्ला म्हणजे सायकलचा गिअर. जड गिअर लावून चढ चढू पाहणाऱ्याची जी गत, तीच जास्त पल्ल्याच्या मोटरची: फेरे चढत नाहीत, इंधन जळते, इंजिन तापते. पल्ला फार कमी असेल तर उलट, फेरे मर्यादेबाहेर जातात आणि होडी मात्र रेंगाळते.

निवड करायची ती अशी. रोजचे ओझे भरून मोटर पूर्ण सोडायची आणि फेरे मोजायचे. कंपनीने 5000 ते 6000 सांगितले असताना काटा 4700 वर अडला, तर पल्ला दोन-तीन इंचांनी उतरवावा. इंचामागे साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. मात्र मोजणी रिकाम्या होडीत करू नये. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर ओढत असते आणि मासळी भरलेली होडी त्याविरुद्ध आत यायची असते. पंखा त्या वेळेसाठी घ्यायचा. जाताना वेग थोडा कमी मिळाला तर बिघडत नाही.

मोठे ते चांगले, हा समज जुनाच आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रजाने 1837 मध्ये लांब लाकडी स्क्रू लावून बोट चालवली. स्क्रूचा तुकडा मोडून पडला आणि बोट चक्क जास्त वेगाने धावू लागली!

राहिली धातूची गोष्ट. स्टेनलेस स्टीलचे पाते पातळ, कार्यक्षम. पण ओहोटीला खडकावर आदळले तर धक्का थेट गिअरपर्यंत जाऊ शकतो. ॲल्युमिनियमचे पाते वाकते किंवा मोडते, आणि गिअर वाचण्याची शक्यता वाढते. उथळ खाडीत मी तेच घेईन. पंखा अधूनमधून काढून दांड्याभोवतीचा नायलॉनचा दोरा मात्र पाहावाच. तो सील कापतो, पाणी आत शिरते आणि गिअरचे तेल दुधासारखे पांढरट होते.